डावीकडून दोन हात

"सकाळी सात वाजता तू फोनवर कुणाशी बोलत होतीस?" श्रीनिवास चिरमुल्यांनी पँटच्या पायाला लावलेली क्लिप काढता काढता विचारलं.

"सकाळी सातला तुम्ही घरात नव्हतात," कुसुमताई कोथिंबीर निवडत म्हणाल्या. "मग मी बोलत होते हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे बोलत होतीस."

"दूधवाल्याशी. उद्या अर्धा लिटर कमी टाक म्हटलं. गुन्हा आहे का?"

चिरमुल्यांनी क्लिप खुंटीवर अडकवली आणि ते आत गेले. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. समोरच्या माणसाने पारड्याखाली काहीतरी चिकटवलंय, या एकाच भावनेने ते दुकानात शिरायचे आणि बहुतेक वेळा काहीतरी निघायचंही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. दूध एक दिवस कमी सांगायला सात मिनिटं लागत नाहीत, आणि सात मिनिटं लागली हे त्यांनी वरचं सगळं ऐकू येणाऱ्या, खालच्या बिऱ्हाडातल्या बद्रीनाथला सहज विचारून घेतलं होतं.

संशयाला कारण होतं. त्या दिवशी, सोमवारी, सकाळी शिवाजी पूल ओलांडून ते नदीपलीकडच्या मोठ्या रस्त्याला लागले, तेव्हा मागे एक स्कूटर होती. स्कूटरवर एक मुलगी. डोळे सोडून सगळा चेहरा केशरी स्कार्फमध्ये गुंडाळलेला, कोपरापर्यंत हातमोजे. पुण्यातल्या निम्म्या मुली अशाच दिसतात, त्याबद्दल चिरमुल्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण पुण्यातली स्कूटरवरची कुठलीही मुलगी सायकलच्या मागून दहाच्या वेगाने येत नाही. ही येत होती. आणि सिग्नलला तिने फोन वर करून चक्क त्यांच्या पाठीचा फोटो काढला.

आता हा फोटो कुणाच्या कामाचा, हे समजायला घरातला करार माहीत हवा.

दिवाळीत मुलगा सलिल मांजरीहून आला होता. तिकडे नव्या सोसायटीत त्याने फ्लॅट घेतलाय. बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा, आता सायकल बास. वय काय, ट्रॅफिक काय. तुम्हाला काही झालं तर मला मांजरीहून यायला दीड तास लागतो."

"मला काही होणार नाही. मी नियमाने चालवतो."

"तुम्ही चालवता हो. बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं बाकीच्यांना सांग. मी नियम मोडला असं एकदा तरी दाखव. तोंडी नको, लेखी दाखव. त्या दिवशी किल्ली तुझ्या आईच्या हातात."

कुसुमताईंनी मुलींच्या एका शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हेडक्लार्क म्हणून काढली होती. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, ऑक्टोबरच्या पानामागे हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली तारीख घातली आणि नवऱ्याची सही घेतली. चिरमुल्यांनी ती तोऱ्यात केली. सही करून झाल्यावर मात्र त्यांना सकाळची फेरी आठवली. सकाळी सव्वासहा ते पावणेआठ हा दिवसातला एकच काळ असा होता, की तेव्हा त्यांना कुणी 'अहो, जरा बाजूला सरका' म्हणत नसे. सायकल गेली तर त्या दीड तासात काय करायचं, या प्रश्नाची त्यांना खरोखर भीती वाटायची.

नियमाचं म्हणाल तर चिरमुल्यांचा नियम पक्का होता. सायकल डावीकडून, पण कडेला चिकटून नाही. कडेपासून दोन हात. त्याच्या आत चेंबरची झाकणं, खडी आणि उभ्या मोटारींची अवचित उघडणारी दारं; त्याच्या बाहेर बस. हे अंतर त्यांनी एकदा खिशातल्या टेपने मोजूनही घेतलं होतं. रस्त्याच्या कडेला सरकारने मोठ्या हौसेने बांधलेला सायकल मार्ग होता, पण त्यावर सायकल सोडून सगळं काही असायचं, म्हणून ते त्यावर जात नसत. सायकलवाल्याने नक्की कुठून चालावं आणि हा मार्ग रोज वापरतो तरी कोण, हे सरकारच्याच तोंडून कळावं म्हणून त्यांनी गेल्या महिन्यात माहिती अधिकारात अर्ज केला होता. त्यांचा या वर्षातला हा नववा अर्ज. आधीच्या आठांना 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं होतं आणि ते त्यांनी नीट फाईल करून ठेवलं होतं. नवव्यासाठी रिकामी फाईलही तयार होती.

तर सोमवारी दुपारभर विचार करून चिरमुल्यांनी निष्कर्ष काढला. कुसुमला लेखी पुरावा हवा. सलिलच्या ऑफिसात फोनवर फोटो काढणाऱ्या मुली ढिगाने असणार. सात मिनिटांचा फोन दूधवाल्याला नव्हता.

"उद्या कुठल्या रस्त्याने जाणार?" रात्री जेवताना कुसुमताईंनी विचारलं.

"का?"

"येताना मंडईतून लिंबं आणा म्हणून."

"बघू," चिरमुले म्हणाले. आता त्यांना शंकाच उरली नाही.

मंगळवारी त्यांनी ठरवलं, दोन हातांवरून वाद नको. सायकल मार्ग आहे ना, मग त्यावरूनच जायचं. कुणाला बोट ठेवायला जागा नाही. पूल उतरून ते रुबाबात मार्गावर चढले आणि चाळीस पावलांवर थांबले. पुढे सात दुचाक्या आडव्या लावलेल्या होत्या. त्यांच्यापलीकडे विजेचा डबा, डब्याला टेकून इडलीची गाडी, आणि गाडीच्या मागे एक झाड. मार्ग बांधणाऱ्याने झाडाभोवती लाल फरशा अगदी नीट गोल बसवल्या होत्या.

"काका, किती प्लेट?" इडलीवाल्याने विचारलं.

"मला पुढे जायचंय."

"मग इकडून कशाला आलात?"

चिरमुल्यांनी मागे पाहिलं. केशरी स्कार्फ वीस पावलांवर उभा. आता मागे वळावं तर उलट्या दिशेने गेल्याचा फोटो. म्हणून त्यांनी सायकल उचलली आणि शेजारच्या फूटपाथवर ठेवली. फूटपाथ उंच होता, तिथून सायकल खाली उतरवायला जागा मिळेना, तेव्हा ते बसून हळूहळू चालवू लागले. समोरून फिरायला निघालेल्या एक बाई आल्या, त्यांच्याकडे पाहत थांबल्या आणि म्हणाल्या, "रस्ता अपुरा पडतोय का आपल्याला?"

मागे फोनचा आवाज आला. खचक.

बुधवारी त्यांनी मार्ग सोडला, फूटपाथ सोडला आणि रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने निघाले. इतक्या कडेने, की पेडल फूटपाथला घासत होतं. कायद्याला याहून डावी बाजू ठाऊक नसणार, असं त्यांना वाटलं. पहिल्या चेंबरवर टोपी डोळ्यांवर आली. दुसऱ्याशी चाक अडकता अडकता राहिलं. तिसऱ्याच्या अलीकडे एका मोटारीचं दार उघडलं आणि ते वाचवताना चिरमुले सायकलसकट फुलवालीच्या टोपलीपाशी जाऊन टेकले.

"शेवंती का झेंडू?" फुलवालीने मान वर न करता विचारलं.

खरचटलं फारसं नव्हतं. पण चाळीस वर्षांत सायकलवरून त्यांचा पाय असा कधी सुटला नव्हता, आणि तो सुटला तेव्हा ती मुलगी फोन उंच धरून उभी होती, हे त्यांना जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी कोपराला गुपचूप हळद लावली आणि दिवसभर फुल शर्ट घातला.

"गरम नाही होत?" कुसुमताईंनी विचारलं.

"तुला काय कळलंय ते सरळ सांग."

"फुल शर्ट घातलाय एवढं कळलंय."

गुरुवारी ते सावध होते. दर दहा पावलांवर मान वळवून मागे पाहत होते. ती दिसली तसे ते एका गल्लीत शिरले. गल्ली एकतर्फी होती आणि तर्फ त्यांची नव्हती. ज्या पाटीकडे बोट दाखवून त्यांनी आयुष्यभर इतरांना सुनावलं, तीच पाटी डोक्यावरून मागे गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ते तत्क्षणी उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या तोंडातून स्कूटर आत आली. खचक.

शुक्रवारी त्यांनी वेळ बदलली. सहाला पंधरा मिनिटं असताना निघाले, हौशी सायकलवाल्यांचे घोळके खडकवासल्याकडे निघून जातात त्यांच्या मागोमाग. सहाच्या ठोक्याला ते पुलापलीकडे पोचले, तर स्कूटर आधीच लावलेली आणि केशरी स्कार्फ वहीत काहीतरी लिहितोय. म्हणजे घरातून निघाल्याची वर्दी तिला मिळाली होती. कोण देणार? घरात माणसं दोनच. खात्री करण्यासाठी ते परत फिरले, दहा मिनिटांनी पुन्हा आले, पुन्हा फिरले आणि पुन्हा आले. तिन्ही वेळा तिने लिहिलं.

शनिवारी त्यांचा धीर सुटला. सरळ जाब विचारायचा म्हणून त्यांनी भर रस्त्यात सायकल वळवली आणि तिच्या दिशेने दामटली. टोपी कपाळावर ओढलेली, तोंडाला धुळीसाठी रुमाल बांधलेला, अशा अवतारातला म्हातारा अंगावर येताना पाहून त्या मुलीने वही डिकीत टाकली आणि स्कूटर सुरू करून ती निघून गेली.

"पळते म्हणजे पाप आहे मनात," चिरमुले स्वतःशी म्हणाले. आपण उलट्या दिशेने उभे आहोत, हे त्यांना एका बसवाल्याने सांगितलं. कसं सांगितलं ते इथे देता येणार नाही.

रविवार, सोमवार असेच गेले. पुढच्या गुरुवारी चिरमुले फेरी मारून, अंघोळ करून बाहेर आले, तर कुसुमताई खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर एक जाड खाकी पाकीट, डोळ्यांना चष्मा आणि शेजारी स्टुलावर ऑक्टोबरचं पान.

"रजिस्टर पोस्टाने आलं," त्या म्हणाल्या. "नाव तुमचं होतं, सही मी केली. तुमच्या नवव्या अर्जाचं उत्तर आहे."

चिरमुले टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहिले. त्यांना अगदी पहिल्यांदा, फार उशिरा, काहीतरी उमगू लागलं होतं.

"वाचते," कुसुमताई म्हणाल्या आणि शाळेत परिपत्रक वाचायच्या त्याच आवाजात वाचू लागल्या. "आपल्या अर्जातील मुद्दा एक, सायकलस्वाराने डाव्या कडेपासून किती अंतरावरून चालावे. माहिती उपलब्ध नाही."

"बघ, म्हटलं नव्हतं मी?"

"थांबा. मुद्दा दोन, सदर मार्गाचा वापर. याबाबत या कार्यालयाकडे माहिती नसल्याने एक महिन्याचे प्रत्यक्ष निरीक्षण सुरू केले असून पहिल्या आठ दिवसांचे अंतरिम निरीक्षण छायाचित्रांसह सोबत जोडले आहे. वेळ सकाळी सहा ते आठ. पहिला दिवस, आढळलेले सायकलस्वार, एक. दुसरा दिवस, एक, कंसात 'तोच'. तिसरा दिवस, एक, कंसात 'तोच'. पाचवा दिवस, तीन, कंसात 'तोच'."

चिरमुले खाली बसले.

"पुढे शेरे आहेत. दुसरा दिवस, फूटपाथवरून सायकल चालवली. चौथा दिवस, एकेरी मार्गात उलट प्रवेश. सहावा दिवस, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने." कुसुमताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि सर्वसाधारण अभिप्राय. सदर इसम वारंवार मागे वळून पाहतो, वेळ बदलतो, चेहरा झाकतो. वर्तन संशयास्पद."

"संशयास्पद? मी?"

"फोटो चौदा आहेत. हा फुलवालीपाशी काढलेला. कोपर म्हणूनच झाकत होतात ना?"

"कुसुम, ती मुलगी तू पाठवली नव्हतीस?"

"मी?" कुसुमताईंना क्षणभर कळलंच नाही. मग हळूहळू कळलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते चिरमुल्यांना पाहवेना. "तुम्ही स्वतः अर्ज केलात, स्वतः सरकारला मागे लावलंत आणि आठ दिवस मला विचारताय फोन कुणाचा?"

"मग तो फोन कुणाचा होता?"

"सलिलचा. घरात जागेवर चालवायची सायकल मिळते, ती तुमच्यासाठी घ्यावी का, असं विचारत होता. मी म्हटलं, त्यांना नाही आवडायचं, राहू दे. सात मिनिटं तुमची बाजू घेत होते."

लेखी पुरावा मागितला होता, तो शिक्का, सही आणि चौदा फोटोंसकट आला होता. चिरमुले उठले, खुंटीवरची सायकलची किल्ली काढली आणि ऑक्टोबरच्या पानावर ठेवली. कुसुमताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण करार म्हणजे करार. त्यांनी किल्ली मसाल्याच्या डब्यामागे ठेवली.

शुक्रवारी सव्वासहाला चिरमुले उठून खुर्चीत बसले. शनिवारीही बसले. "अहो, जरा बाजूला सरका," कुसुमताई केर काढताना म्हणाल्या, आणि ते निमूटपणे सरकले. एरवी त्यांनी झाडूला किती काड्या आहेत इथपासून सुरुवात केली असती. ते नुसते सरकले, याचंच कुसुमताईंना वाईट वाटलं.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात हातमोजे घातलेली एक मुलगी, काखेत वही.

"श्रीनिवास चिरमुले इथंच राहतात ना? अर्जदार?" तिने स्कार्फ सोडत विचारलं. स्कार्फ केशरी होता. "मी उत्कर्षा. वाशिमची, इथं इंजिनिअरिंग करते. सर्व्हेचं काम मिळालंय मला, तुमच्याच अर्जाचं. जरा अडचण झाली म्हणून आले."

"या, बसा," कुसुमताई म्हणाल्या. "कसली अडचण?"

"त्या रस्त्याला एकच सायकलवाले यायचे. ते दोन दिवस आलेच नाहीत. माझा तक्ता रिकामा राहिला. सर म्हणतात रिकामा रकाना चालणार नाही. शून्य लिहिलं तर म्हणतात, मग इतके दिवस फिरलीस कुठे? म्हटलं अर्जदारांनाच विचारावं, त्यांच्या माहितीत कुणी सायकल चालवणारं…"

तेवढ्यात चिरमुले आतून बाहेर आले. उत्कर्षा उठून उभी राहिली आणि तिने वही छातीशी धरली.

"काकू, हेच ते," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझ्या अंगावर आले होते."

"घाबरू नकोस. हेच अर्जदार आहेत," कुसुमताई म्हणाल्या. "संशयास्पद इसमही हेच, आणि माझे यजमानही हेच."

चहा झाला. चिरमुल्यांनी माफी मागितली, ती त्यांना फारशी जमली नाही. उत्कर्षाने वही उघडून पहिलं पान दाखवलं. "मला एक कळलं नाही काका. पहिल्या दिवशी तुम्ही एकदम बरोबर चालवत होता. सरळ, कडेपासून थोडं अंतर सोडून, वळताना हात दाखवून. मी शेऱ्यात 'योग्य' लिहिलंय बघा. मग दुसऱ्या दिवसापासून असं काय झालं?"

कुसुमताईंनी तो पहिला फोटो हातात घेतला. निळ्या शर्टातली ताठ पाठ, डावीकडून दोन हात, उजवा हात खांद्याच्या रेषेत. लग्नानंतर याच पाठीमागे कॅरिअरवर बसून त्या खडकवासल्याला गेल्या होत्या, तेव्हाही हात असाच निघायचा. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"किती दिवस राहिलेत तुझे?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"रिकामा रकाना मी तीस वर्षांत एकदाही वर पाठवला नाही," कुसुमताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मसाल्याच्या डब्यांचा आवाज झाला. बाहेर येऊन त्यांनी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. "सतरा दिवस. पहिल्या दिवसासारखी चालवायची. सतराही दिवस 'योग्य' आलं, तर ऑक्टोबरचं पान मी फाडून टाकीन. एक जरी दुसरा शेरा आला…"

"कळलं."

"पण काकू, मी लिहू का फोटो काढू, असं होतं माझं," उत्कर्षा म्हणाली. "स्कूटरवर एका हाताने नाही जमत."

"ते बघू आपण," कुसुमताई म्हणाल्या.

रविवारी साडेसहाला चिरमुल्यांनी पूल ओलांडला. ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा होता. डावी कड, तिथून दोन हात. वळणावर त्यांनी हात काढला आणि आरशासारख्या चकचकीत मोटारीच्या काचेत त्यांना मागचं दिसलं. दहाच्या वेगाने येणारी स्कूटर. पुढे केशरी स्कार्फ. आणि मागच्या सीटवर सलिलचं जुनं हेल्मेट घालून, नाकावर चष्मा ठेवून, मांडीवरच्या वहीत लिहिणाऱ्या कुसुमताई.

म्हणजे आपला संशय खरा होता, चिरमुल्यांच्या मनात आलं. आपण तो फक्त पंधरा दिवस आधी घेतला. त्यांना मान वळवून नीट खात्री करून घ्यावीशी फार वाटली, पण त्यांनी वळवली नाही. वळवली असती, तर तेही रकान्यात गेलं असतं.